निळ्या स्टूलवरचे अध्यक्ष

स्टूलकाका बैठकीला फाइल आणत नसत, स्टूल आणत. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं तसलं घडीचं, ॲल्युमिनियमच्या पायांचं, निळ्या कॅनव्हासचं. ते कापडी पिशवीत पुरतं मावायचं नाही, त्यामुळे त्याचे पाय कोथिंबिरीच्या देठांसारखे पिशवीबाहेर आलेले असायचे. सिंगापुरातल्या हौगांगहून आधी बस, मग एमआरटी म्हणजे इथली मेट्रो, मग विद्यापीठाची शटल बस, एवढा प्रवास करून ते स्टूल आमच्या मजल्यावर पोचे. काका ते भिंतीला टेकवून ठेवत, अध्यक्षांच्या गुबगुबीत फिरत्या खुर्चीत बसत आणि लगेच चुळबुळ सुरू करत.

"सेक्रेटरीबाई," पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "ही खुर्ची फार आरामाची आहे. हिच्यात बसलं की सगळं आलबेल वाटायला लागतं."

मी त्या समितीची सचिव होते. विद्यापीठाच्या सुरक्षारक्षकांच्या कामावर लक्ष ठेवायला ही समिती नेमलेली होती. विद्यार्थ्यांची एक प्रतिनिधी, एक प्राध्यापक, वसतिगृहाकडचं कुणीतरी, सुरक्षाप्रमुख मिस्टर लिम आणि अध्यक्ष म्हणून बाहेरचा एक नागरिक, म्हणजे ज्याचा पगार विद्यापीठातून निघत नाही असा माणूस. दर तिमाहीला आम्ही भेटायचो, रक्षकांविरुद्धच्या तक्रारी ऐकायचो, आवारातल्या गुन्ह्यांचा आलेख बघायचो आणि काय बदलावं ते वर कळवायचो. "सिंगापुरात कसले गं गुन्हे?" असं पुण्याची माझी बहीण अजून विचारते. सायकली जातात, छत्र्या जातात, कधी लॅपटॉप जातात, आणि क्वचित याहून वाईटही काही घडतं. माणसं राहतात तिथे हे सगळं आलंच. इथे फक्त वस्तू सांभाळायची सवय सुटलेली असते.

काका मूळचे नाशिकचे. तरुणपणी मुंबईच्या एका बँकेतून इकडे आले आणि इथल्या तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात अंतर्गत तपासणीचं काम करत निवृत्त झाले. एव्हाना ते इथले नागरिक होते. बैठकीत आमचं बोलणं इंग्रजीतून, 'मिस्टर चेअरमन' आणि 'मॅडम सेक्रेटरी' असं कडक इस्त्रीचं. लिफ्टचं दार बंद झालं की लगेच "काका, गुडघे काय म्हणताहेत?" आणि "तुमच्या त्या मुलीची परीक्षा झाली का?" स्टूलकाका हे नाव मात्र मी नाही ठेवलं. रक्षक मंडळी त्यांना 'स्टूल अंकल' म्हणायची. मी त्याचं फक्त मराठी केलं.

स्टूलची सवय बँकेतलीच. शाखा तपासायला गेले की ते आधी मॅनेजरच्या केबिनमध्ये जात नसत. बाहेर गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसत. कोण किती वेळ ताटकळतंय, कुठल्या खिडकीवर आवाज चढतोय, शिपाई कुणाला हसून 'या' म्हणतो आणि कुणाकडे बघतही नाही, एवढं पाहून मग आत. "मॅनेजर मला कागद दाखवायचा," ते सांगत. "कागद चांगलेच असायचे. कागद वाईट ठेवणारा माणूस मॅनेजर होतोच कशाला?" बँकेत बाक होते. विद्यापीठाच्या आवारात जिथे तक्रार असेल तिथे बाक असेलच असं नाही, म्हणून स्टूल.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. मिस्टर लिम पडद्यावर आलेख लावत. या तिमाहीत रेघ वर, त्या तिमाहीत खाली. प्राध्यापक त्यावर चष्मा पुसत एखादा विचार मांडत. काका सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "आधी जाऊन बसू." ते इंग्रजीत म्हणत, पण त्यांच्या इंग्रजीतसुद्धा मला ते मराठीच ऐकू यायचं.

मी याद्यांची बाई आहे. माझ्या घरी फ्रिजवर यादी असते, पर्समध्ये यादी असते आणि भारतात जाताना बॅगेत काय कुठे आहे त्याची यादी बॅगेतच सगळ्यात वर असते. समितीची विषयपत्रिका मी बैठकीच्या बऱ्याच आधी सगळ्यांना पाठवायची. तीत प्रत्येक तक्रारीला क्रमांक दिलेला. काकांना क्रमांक लक्षात राहायचे नाहीत. "तो चप्पलवाला मुलगा," "ती छत्रीची बाई," असं ते म्हणत आणि मला पानं उलटत क्रमांक शोधावा लागे. एकदा मी जरा चिडूनच म्हटलं, "काका, एवढी यादी करते मी, तुम्ही बघत तरी जा."

"बघतो की. यादी झकास असते तुमची. मुद्दा क्रमांक चार कुठं बसतो, दुपारी जेवतो कुठं, तेवढं फक्त तीत नसतं."

चप्पलवाला मुलगा म्हणजे एक तमिळ संशोधक विद्यार्थी. मागच्या फाटकावर संध्याकाळी रक्षक ओळखपत्र विचारतात, आणि ते मलाच विचारतात, अशी त्याची तक्रार होती. मिस्टर लिम म्हणाले, रक्षक कुणालाही विचारू शकतात, नियमात तसं आहे. प्राध्यापकांनी मान डोलावली. काका म्हणाले, "आधी जाऊन बसू." ते फाटकाजवळ जाऊन बसले. शिवाय मधूनमधून उठून स्वतःच फाटकातून आत जाऊन बघायला लागले. एका संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट, पट्टा, बूट. रक्षकाने हात वर करून "गुड इव्हिनिंग सर" म्हटलं. दुसऱ्या संध्याकाळी विटका टी-शर्ट आणि रबरी चपला. तोच रक्षक पुढे आला. "अंकल, व्हेअर यू गोइंग?"

पुढच्या बैठकीत काकांनी हे सांगितलं तेव्हा मिस्टर लिम यांचे कान लाल झाले. काकांच्या आवाजात मात्र चीड नव्हती. उलट ते मजेत होते.

"माणूस तोच, मिस्टर लिम. नाकसुद्धा तेच. फक्त बायकोने फेकायला काढलेला टी-शर्ट घातला होता."

"त्या रक्षकाला समज देतो, मिस्टर चेअरमन."

"त्याला कशाला? पोरगा भला आहे. मला पाणी दिलं त्याने. मला म्हणायचंय ते एवढंच, विचारायचं तर सगळ्यांना विचारा, नाहीतर कुणालाच विचारू नका. मला बूट घालून आलो तरी विचारा."

त्या फाटकावर तेव्हापासून संध्याकाळी सगळ्यांचीच ओळखपत्रं तपासायला लागले. कुलगुरूंच्या गाडीचीसुद्धा काच खाली झाली, असं रक्षक मोठ्या खुशीत सांगत. काकांचं हे बोलणं रक्षकांच्या रोजच्या हजेरीत वाचून दाखवलं गेलं. ते कुणीतरी नीट लक्षात ठेवलं होतं, हे आम्हाला पुढे कळलं.

दिवाळीनंतरच्या बैठकीला काका स्टूलबरोबर एक डबाही आणत. त्यात काकूंनी केलेला पातळ पोह्यांचा चिवडा. पहिल्या वर्षी मिस्टर लिमनी एक चमचा घेतला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मला वाटलं, तिखट लागलं. मग त्यांनी विषयपत्रिकेचं पान दुमडून द्रोण केला आणि डबा स्वतःकडे ओढला. तो डबा चिनी नववर्षाला अननसाच्या टार्ट भरून परत आला. मग ती प्रथाच पडली. काका म्हणायचे, "ज्याच्या कामात मी चुका काढतो, त्याच्या घरचं मला खाता आलं पाहिजे. नाहीतर मी चुका काढायला नालायक."

आता मुख्य गोष्टीकडे येते. तिची आठवण झाली की मला अजून हसू येतं, पण ती घडत असताना हसण्यासारखं काही नव्हतं.

एका तिमाहीत कॅन्टीनमधल्या चोऱ्यांची रेघ एकदम वर चढली. लॅपटॉप, फोन, बॅगा. सगळ्या तक्रारी भर दुपारच्या, जेवणाच्या गर्दीच्या वेळच्या. तेवढ्यात विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन पानावर एक फोटो आला. गणवेशातली एक रक्षक बाई, काखेत कुणाचा तरी लॅपटॉप, चालली आहे कॅन्टीनच्या मागच्या दाराकडे. खाली एकच ओळ होती. रक्षकच चोर असेल तर तक्रार कुणाकडे करायची?

ती रक्षक सेल्वी. वयाने माझ्याएवढीच, सिंगापुरातच जन्मलेली, ठेंगणी, ठसठशीत, डोक्याला चमेलीचं तेल आणि बोलणं लाटण्याने मारल्यासारखं. रक्षक पुरवणारी कंपनी बाहेरची होती. कंपनीने लगेच कळवून टाकलं की वाद नको, बाईंना दुसरीकडे पाठवतो. ही दुसरी जागा म्हणजे बेटाच्या पश्चिम टोकाची गोदामं. सेल्वीचं घर विद्यापीठाच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की तिचा ब्लॉक. घरी तिची आई अंथरुणाला खिळलेली. दुपारच्या सुटीत सेल्वी घरी जाऊन तिला भरवायची, कूस बदलून द्यायची आणि परत कामावर यायची. गोदामांवर गेली असती तर हे जमणं शक्य नव्हतं आणि दुपारी बाई ठेवणं तिला परवडणारं नव्हतं. शिवाय चोरीचा डाग बसून जायचा तो वेगळाच.

मिस्टर लिम मला खासगीत म्हणाले, "चांगली आहे ती कामाला. पण फोटो आहे, मॅडम. मी काय करू?"

काकांनी काय करायचं ते सांगितलं. समितीची बैठक होईपर्यंत तिला हलवू नका, असं त्यांनी मला अध्यक्षांच्या नावाने कंपनीला लिहायला लावलं. कंपनी कशीबशी कबूल झाली. आणि दुसऱ्या दिवसापासून निळं स्टूल कॅन्टीनमध्ये, खांबाशेजारी.

इथल्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, म्हणजे सिंगापुरात न राहिलेल्यांना पुढचं कळेल. इथे गर्दीच्या खाण्याच्या ठिकाणी माणूस आधी जागा धरतो, मग जेवण आणायला रांगेत जातो. जागा धरायची म्हणजे टेबलावर काहीतरी ठेवायचं. याला म्हणतात 'चोप' करणं. बहुतेक लोक कागदी रुमालांचं पाकीट ठेवतात. ते ठेवलेलं दिसलं की पंतप्रधान आले तरी तिथे बसणार नाहीत. विद्यार्थ्यांची मजल त्याच्या पुढे गेलेली. ते लॅपटॉप ठेवून जातात, फोन ठेवून जातात, पाकीट ठेवून जातात आणि नूडल्सच्या रांगेत पाठ करून उभे राहतात. माझी मुलगीसुद्धा हेच करते. मी ओरडले की म्हणते, "आई, धिस इज सिंगापोर, लाह."

काका रोज बसत होते. चोर काही दिसेना. मुलं त्यांच्याकडे बघून हसत, काही जण त्यांना सफाई कामगार समजून रिकाम्या बशा आणून देत. काका त्या बशा नेऊन ठेवत. मी माझं जेवण घेऊन एकदोनदा डोकावले. "काका, काही मिळालं का?" ते म्हणाले, "बशा मिळाल्या."

बैठक तोंडावर आली तेव्हा एका दुपारी माझा फोन वाजला. काकांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"सेक्रेटरीबाई! माझं स्टूल चोरलं!"

"काय?"

"स्टूल! कॉफी आणायला गेलो. गर्दी होती म्हणून टेबलापाशी स्टूल ठेवलं आणि रांगेत उभा राहिलो. परत येतो तर नाही! मी तक्रार नोंदवली आहे. तुमच्या त्या मोबाइलच्या ॲपवर. 'चोरी' वर बोट दाबलं."

म्हणजे विद्यापीठाच्या सुरक्षा समितीच्या अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने आलेखाची रेघ आणखी थोडी वर नेली होती. आणि कशामुळे, तर इतक्या वर्षांच्या सिंगापुरी सवयीने, चोरीवर पाळत ठेवायला आणलेलं स्टूलच चोप करून ते कॉफीला गेले होते. मी हसू दाबत खाली गेले. काका रागाने लालबुंद होऊन कॅन्टीनमागच्या रक्षकांच्या चौकीकडे निघालेले. मी मागोमाग.

चौकीत, भिंतीला टेकून, निळं स्टूल उभं होतं. शेजारी एक लॅपटॉप, एक बॅग आणि पुढे टेबलामागे सेल्वी.

"हे माझं आहे," काका म्हणाले.

"माहीत आहे, अंकल."

"माहीत आहे? मग उचललं कशाला?"

सेल्वी उठून उभी राहिली. तिचं इंग्रजी मी मराठीत सांगते, पण ठसका तिचाच. "वस्तू बेवारस ठेवली की उचलून चौकीत आणायची, हा नियम आहे. मुलांचा लॅपटॉप उचलते. मग अध्यक्षांचं स्टूल ठेवू? बूट घालून आलो तरी विचारा, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? हजेरीत वाचून दाखवलं आम्हाला."

मी भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याकडे निरखून बघायला लागले.

"पण मग सांगायला नको?" काका म्हणाले. "माणसाला कळणार कसं?"

"चिठ्ठी ठेवते ना. 'तुमची वस्तू चौकीत आहे.' प्रत्येक वेळी ठेवते. तुमच्या टेबलावरही ठेवली."

"नव्हती चिठ्ठी."

"ठेवली, अंकल."

"नव्हती!"

दोघंही खरं बोलत होते, हे त्यांच्या तोंडांवरून दिसत होतं. मग त्यांनी आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं, या वेळी चक्क मराठीत, माझ्याकडे बघून.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं खांबाआड बसलो. काका स्टूलवर, मी कॅन्टीनच्या खुर्चीवर. एक मुलगी आली, टेबलावर लॅपटॉप आणि त्याच्यावर रुमालांचं पाकीट ठेवून रांगेत गेली. बराच वेळ झाला, ती मैत्रिणींशी गप्पा मारत रांगेतच. सेल्वी आली, इकडेतिकडे पाहिलं, "हे कुणाचं?" असं मोठ्याने विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. तिने लॅपटॉप काखेत घेतला, पाकिटाखाली चिठ्ठी सरकवली आणि मागच्या दाराकडे निघाली, थेट फोटोतल्यासारखी. ती दाराआड गेली, आणि ट्रॉली ढकलत सफाईवाले काका आले. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट आणि एक कागद. आधीच्या माणसाचा कचरा, दुसरं काय? त्यांनी ओल्या फडक्याने एकच हात फिरवला आणि पाकीट, चिठ्ठी, उष्टा चमचा सगळं टबात. टेबल लख्ख. ट्रॉली पुढे.

मुलगी नूडल्सचा ट्रे घेऊन परत आली. तिने रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, ट्रे खाली ठेवला आणि फोन काढून ॲप उघडलं.

काकांनी माझ्या कोपराला हळूच स्पर्श केला. "बसलं की दिसतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय वगैरे नव्हता. चांगलं जेवण झाल्यावर माणूस बोलतो तसा आवाज होता. मग ते उठून त्या मुलीकडे गेले आणि तिला चौकीची वाट दाखवली.

बहुतेकांना विचारत विचारत चौकीत आल्यावर वस्तू संध्याकाळपर्यंत परत मिळत होत्या. मिळाल्यावर लाज वाटून ती मुलं गुपचूप घरी जात. 'सापडलं' असं कळवायची सोय ॲपमध्ये नव्हतीच, त्यामुळे चोरीची नोंद तशीच राहायची. चौकीच्या वहीतल्या सह्या आणि ॲपमधल्या तक्रारी कुणी शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या. सगळ्याच तक्रारी अशा होत्या असंही नाही. एकदोन चोऱ्या खऱ्या होत्या आणि त्या पुढे पोलिसांकडे गेल्या. पण रेघ चढली होती ती मुख्यतः सेल्वीच्या कामसूपणामुळे.

बैठक रंगली. मी काय पाहिलं ते सांगितलं, काकांनी काय पाहिलं ते सांगितलं. ज्या मुलीने फोटो टाकला होता तिला विद्यार्थी प्रतिनिधीने बरोबर आणलं होतं. सेल्वीही होती. काकांनी दोघींना शेजारी बसवलं, मध्ये चिवड्याचा डबा. मुलगी रडवेली झाली. "सॉरी, आंटी, मला खरंच वाटलं..." सेल्वीने तिच्याकडे न बघता मान हलवली.

मला वाटलं, संपलं. मी 'निकाली' असं लिहायला पेन उचललं. काका म्हणाले, "थांबा. आता सेल्वीची पाळी."

सेल्वीने वर पाहिलं.

"तुझ्याबद्दल आणखी तक्रारी आहेत. आवाजाच्या. वस्तू न्यायला आलेल्या मुलांना तू चारचौघांत झापतेस. 'बापाने झाडावरून तोडून दिला का लॅपटॉप?' असं म्हणालीस एकाला."

"चुकलं का मग, अंकल? इतका महागडा लॅपटॉप..."

"त्या मुलाचा बाप वारला आहे."

सेल्वीच्या हनुवटीचा ताठा उतरला. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"नसणारच. म्हणून तर बोलू नये. वस्तू दे, सही घे, 'परत असं करू नकोस' म्हण. बास. चोर म्हणून तुझ्यावर बोट दाखवलं तेव्हा तुला कसं वाटलं? त्यांनाही सगळ्यांसमोर तसंच वाटतं. घरी आईशी ज्या आवाजात बोलतेस, तो आवाज आण."

सेल्वी किंचित हसली. "आईशी तर मी याहून जोरात बोलते, अंकल. तिला ऐकू येत नाही."

मिस्टर लिम आधी हसले, मग सगळेच. सेल्वीची बदली रद्द झाली. कंपनीला तसं पत्र गेलं आणि मुलीने त्याच पानावर स्वतःहून माफी लिहिली. चिठ्ठीच्या जागी पिवळ्याधमक प्लॅस्टिकची उभी पाटी आली, फडक्यात सहज न जाणारी. सफाईवाल्या काकांना ती मुद्दाम दाखवून झाली. ॲपमध्ये 'सापडलं' असं बटण आलं. माझी सूचना होती की अध्यक्षांच्या स्टूलची तक्रार सरळ पुसून टाकावी, उगाच शोभा नको. काकांनी ऐकलं नाही. "पुसायची नाही. ते बटण पहिल्यांदा मीच दाबणार." त्यांनी दाबलंही, सगळ्यांसमोर, चष्मा कपाळावर चढवून.

वडील वारलेल्या त्या मुलाला सेल्वी नंतर भेटली. काय बोलली ते मला माहीत नाही. पण तो पुढे चौकीवरून जाताना हात करायचा, एवढं मी पाहिलं आहे.

काही वर्षांनी काकांची मुदत संपली. गुडघे दुखत होते, मेलबर्नला मुलाकडे नातू झाला होता आणि काकूंनी हौगांगचा फ्लॅट भाड्याने द्यायचं पक्कं केलं होतं. शेवटच्या बैठकीला मी निरोपाचा कार्यक्रम आखला होता. कोण बोलणार, कोण फुलं देणार, केक कधी कापायचा. काकांनी यादी पाहिली, "झकास," म्हणाले आणि भाषणाच्या वेळी फक्त एवढंच बोलले, "खुर्ची बदला. फार मऊ आहे."

मग आम्ही दोघं कॅन्टीनमध्ये कॉफी प्यायला गेलो. त्यांची ठरलेली, कमी साखरेची कॉफी, जीत ते नंतर चोरून साखर घालत. नातवाचा फोटो दाखवून झाला. शटलची वेळ झाली. ते उठले आणि चालायला लागले. पिशवी हातात होती, पण रिकामी. स्टूल टेबलापाशीच, त्याच्या निळ्या कॅनव्हासवर कागदी रुमालांचं एक पाकीट.

"काका, स्टूल राहिलं!" मी हाक मारली.

त्यांनी मागे न वळता हात वर केला. "राहिलं नाही. चोप केलंय!"

मी तिथेच उभी राहिले. जरा वेळाने सेल्वी आली. तिने स्टूलकडे पाहिलं, शटलच्या थांब्याकडे पाहिलं, "हे कुणाचं?" असं नियमाप्रमाणे मोठ्याने विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. मग टेबलावर पिवळी पाटी उभी केली आणि स्टूल काखेत घालून चौकीकडे निघाली. वाटेत तिने बाहीने डोळे पुसले. मी तेव्हा दुसरीकडे बघितलं.

बेवारस वस्तू ठरावीक मुदतीनंतर दान करायच्या, असा नियम आहे. त्या वस्तूंची यादी दर तिमाहीला माझ्याकडे येते. दर वेळी तीत एक ओळ असते. घडीचं स्टूल, निळं, मालक माहीत, येणार आहेत. नियम सगळ्यांना एकच, हे मला ठाऊक आहे. ती ओळ मी तरीही खोडत नाही. मिस्टर लिमही ती वाचतात, चिवड्याच्या आठवणीने एक सुस्कारा टाकतात आणि पान उलटतात.

काकांचा मेलबर्नहून फोन येतो. नातू, थंडी, काकूंची बाग हे सगळं झालं की विचारतात, "बसता ना जाऊन अधूनमधून?"

परवाच्या बैठकीत ग्रंथालयामागच्या सायकलस्टँडची रेघ वर गेलेली होती. नव्या अध्यक्षबाई हुशार आहेत, त्यांनी कॅमेरे वाढवण्याचा प्रस्ताव आणला होता, खर्चासकट. विषयपत्रिकेत तो मीच घातला होता, क्रमांक देऊन. त्यावर चर्चा सुरू झाली आणि मी ऐकलं तर मीच म्हणत होते, "मॅडम, आधी जाऊन बसू या का?"

बैठक संपल्यावर मी चौकीत गेले. सेल्वीच्या केसांत आता पांढरे धागे दिसतात, तेल तेच. तिने काही न विचारता स्टूल काढून दिलं आणि सहीसाठी वही पुढे केली. मी सही केली, स्टूल पिशवीत कोंबलं. त्याचे पाय बाहेरच राहिले.

दारापर्यंत गेले तेव्हा मागून तिचा आवाज आला, लाटण्याने मारल्यासारखाच.

"मॅडम, संध्याकाळी परत आणून द्या हं. चोप केलेलं आहे ते."